पुरे म्हणायचं नाही

गुरुवारी संध्याकाळी विभागाच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा मी पुरणासाठी डाळ निवडत बसले होते. शनिवारची मौखिक परीक्षा आता शुक्रवारी, म्हणजे उद्याच. कारण दिलेलं नव्हतं. आमच्या विभागात कारण द्यायची पद्धत नाही. बाहेरून येणाऱ्या परीक्षकबाईंना शनिवार जमत नसणार, झालं.

एम.ए. इतिहासाच्या शेवटच्या सत्राची ही मौखिक सगळ्या पेपरांवर मिळून असते. हडप्पाच्या गटारांपासून शीतयुद्धापर्यंत कुठेही बोट ठेवतील आणि बोल म्हणतील. ती चुकली तर पुढच्या वर्षी पुन्हा, आणि पीएच.डी.ची प्रवेशपरीक्षाही वर्षभर लांबणीवर. अंतरा शाळेत जायला लागल्यावर मी हा अभ्यास धरला होता. तिच्या वेण्या घालताना फ्रेंच राज्यक्रांती पाठ केली. ती विचारायची, "आई, त्या राणीचं डोकं मग परत लावलं का?" तिच्या तापात कपाळावर पट्ट्या ठेवत मी मगधाचे मौर्य, शुंग, कण्व म्हटले आहेत. माझ्याजवळ द्यायला आणखी एक वर्ष नव्हतं.

आणि शुक्रवारी घरात बोडण होतं.

ज्यांच्याकडे हा कुलाचार नाही त्यांच्यासाठी सांगते. घरात लग्न झालं, मूल झालं, की आम्हा कोकणस्थांत, हिंदी मुलखात पिढ्या गेल्या तरी, बोडण भरतात. परातीत अन्नपूर्णेची मूर्ती ठेवायची, तिच्यावर पुरणावरणाचा नैवेद्य, दूध, दही, तूप, मध, साखर घालायची आणि चार सवाष्णी व एक कुमारिका यांनी मिळून ते हातांनी कालवायचं. कालवताना कुमारिकेला विचारत राहायचं, "आणखी काय हवं?" ती मागेल ते घालायचं. ती "पुरे" म्हणाली की बोडण संपलं, मग ते गायीला. तोवर कुणी हात काढायचा नाही आणि घरात कुणी जेवायचं नाही. ती कुमारिका म्हणजे तेवढ्या वेळापुरती देवीच. यंदा माझ्या दिराचं, केदारचं लग्न झालं म्हणून बोडण, आणि देवी म्हणून माझी अंतरा. पाच वर्षांची, नाक सारखं वाहणारी.

"आई, उद्या माझी परीक्षा आलीये," मी सासूबाईंना म्हटलं.

"उद्या बोडण आहे," त्या म्हणाल्या. आकाश निळं आहे म्हणावं तशा.

"रविवारी करता येईल ना?"

"रविवारी केदार आणि विनिता निघून राहिलेत हैदराबादला. नवी सून बोडणाशिवाय घराबाहेर धाडू?" त्यांनी माझ्यासमोरचं ताट जवळ ओढलं आणि मी निवडलेली डाळ पुन्हा निवडायला घेतली. "परीक्षा काय, दर वर्षी येते."

सासरे बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "सीमंतिनी, अगं इतिहास शिकायचा असतो तो दुसऱ्यांनी. आपल्या घरात तो आहेच. संस्थानिकांच्या दरबारी पंगतीत आमच्या पणजोबांचं पान चौथं असायचं."

हे चौथं पान मी लग्नापासून ऐकते आहे. त्या पंगतीत वाढायला कोण होत्या, असं मी एकदा विचारलं होतं. "बायका," ते म्हणाले होते.

अभिराम इंदरगंजातल्या ऑफिसातून आला तेव्हा त्याला मी स्वयंपाकघरात गाठलं. नवऱ्याचं एक असतं, तो दोन्ही बाजूंना हो म्हणतो आणि मग क्रिकेट लावतो.

"तू टेन्शन मत ले यार," तो म्हणाला. "नऊला बसा बोडणाला. साडेदहापर्यंत आटपेल. परीक्षा अकराला, तुझा नंबर शेवटून. सब हो जाएगा."

"आणि नाही झालं तर?"

"अगं, आई काय मुद्दाम उशीर करणार आहे का?"

विचारल्यावर सासूबाईंनीही मान डोलवली. "नऊला म्हणजे नऊला," त्या म्हणाल्या. मी विश्वास ठेवला. ठेवला म्हणण्यापेक्षा, दुसरं काही हातात नव्हतं.

मला एक खोड आहे, मी सारखी बघत असते. पोरगी झाल्यापासून लागली. टेबलाचा कोपरा, उघडी खिडकी, गरम कढई, कोण कुणाकडे बघतंय. मूल पडायच्या आधी ते कुठे पडणार हे मला दिसतं. त्या संध्याकाळी गॅलरीत सासूबाई वाती वळत होत्या आणि अंतरा त्यांच्या मांडीला टेकून बसली होती. आजी कानात काहीतरी सांगत होती आणि अंतरा मान डोलवत होती. मी दारात आले आणि दोघी गप्प झाल्या. "काय चाललंय?" विचारलं तर अंतरा म्हणाली, "सीक्रेट." मला वाटलं, फ्रॉकबिक आणला असेल.

नऊ वाजता पुरण वाटलेलं नव्हतं. साडेनऊला सासूबाईंना आठवलं की पुरणाचे दिवे राहिले. शरयूताई, माझी नणंद, दाल बाजारातल्या आपल्या घरून येताना पाट घेऊन येणार होत्या त्या पाट विसरून आल्या आणि मग शेजारून पाट आणले. दहाला आंबेहळदीची शोधाशोध झाली, जी कशालाच लागत नाही. मी साडी नेसून, केसांना पिन लावून, पर्स आणि स्कूटीची किल्ली दाराजवळच्या स्टुलावर ठेवून तयार होते. पर्सकडे बघून सासूबाई म्हणाल्या, "देवीच्या कामाला बसताना पायात चाकं लावून नाही बसत."

साडेदहाला आम्ही बसलो. अभिराम ऑफिसला गेला होता. पुरुषांनी बघायचं नाही म्हणून सासरे आणि केदार खाली सोसायटीच्या बाकावर गेले. मध्ये परात, भोवती सासूबाई, शरयूताई, विनिता आणि मी, आणि मोठ्या पाटावर पिवळं परकर-पोलकं नेसून अंतरा. पूजा झाली, आरती झाली, दूध पडलं, आणि आम्ही पाच जणींनी हात घातले.

"देवी, काय हवं?" शरयूताईंनी विचारलं.

"दूध," अंतरा म्हणाली. विनिताने डाव्या हाताने दूध घातलं.

"आणखी?"

"मध."

"आणखी काय हवं बाई?"

"साखर. जास्तवाली."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पोर खरोखर गोड दिसत होती, नाकाला तूप लागलं होतं. पण परात निम्मी भरली तरी ती मागतच होती. दही. तूप. परत दूध. मी हळूच म्हटलं, "अंतू, झालं ना गं आता? पोट भरलं ना देवीचं?"

तिने माझ्याकडे बघितलंच नाही. आजीकडे बघितलं.

माझा फोन पर्समध्ये वाजायला लागला. वाजून थांबला, परत वाजला. शरयूताईंचा डावा हात मोकळा होता आणि त्यांना फोन वाजलेला सहन होत नाही. त्यांनी परातीतला उजवा हात न काढता मागे रेलून स्टुलावरची पर्स ओढली, फोन काढला आणि माझ्या कानाला लावला. सोनिका होती, माझ्या वर्गातली.

"दीदी, कहाँ हो? मॅडम की ट्रेन है, बोल रही हैं साढ़े बारह तक सबका ख़त्म करेंगी. पीछे से बुला रहे हैं. उलटा! आपका नंबर आ गया था, मैंने बोला रास्ते में हैं. जल्दी आओ, नहीं तो अनुपस्थित लिख देंगे."

सगळ्यांनी ऐकलं, कारण सोनिका फोनवर बोलत नाही, ओरडते.

"आई," मी म्हटलं.

"देवीला विचारा," सासूबाई म्हणाल्या.

"अंतरा, बाळा, काय हवं?" विनिताने घाईने विचारलं. नवी आहे ती, पण तिला कळलं होतं.

अंतराने ओठ दाबून धरले. मग म्हणाली, "मध."

मी सासूबाईंकडे बघत होते. आणि बघताना दिसलं. पोरीने विचारणारी नजर टाकली आणि आजीने भुवई अगदी एवढीशी, तांदळाच्या दाण्याएवढी, खाली केली. नको, अशी. थांब, अशी. पुन्हा मध, पुन्हा तीच भुवई.

"अंतरा," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच परका वाटला. "तुला कुणी काय सांगितलंय?"

"सीक्रेट आहे."

"आईला सांगायचं असतं सीक्रेट."

तिचा चेहरा रडवेला झाला. ती आजीकडे बघायची, मग माझ्याकडे. "आजी म्हणाली, तू पास झालीस की तू दिल्लीला निघून जाशील. मोठ्या शाळेत. आणि मला इथेच टाकशील. म्हणून पुरे म्हणायचं नाही. परीक्षा संपेपर्यंत नाही म्हणायचं."

परातीत हात तसेच होते. विनिताचा हात माझ्या हाताला लागत होता.

मला दिल्लीचा विषय आठवला. मी फोनवर सोनिकाला म्हटलं होतं की पुढे दिल्लीला प्रयत्न करून बघू का. नुसतं "बघू का". ते कुणीतरी ऐकलं होतं. ठीक आहे, ऐकावं. मला विचारावं, माझ्याशी भांडावं, अभिरामला सांगावं, जेवण टाकावं. पण रात्री माझ्या कुशीत झोपणाऱ्या पोरीला सांगायचं की तुझी आई तुला टाकणार आहे? आणि ते रोखण्याची जबाबदारी त्या पाच वर्षांच्या खांद्यावर ठेवायची, वर देवी म्हणून?

"गंमत केली गं पोरीशी," सासूबाई म्हणाल्या.

मी हात काढले.

"सीमंतिनी! बोडणातला हात मधेच काढत नाहीत!"

"काढला," मी म्हटलं. "बघा. निघतो."

अंतरासमोर उकिडवी बसले. माझ्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पुरण-दूध लागलेलं, तिला धरताही येईना. "मी परीक्षेला जाते आहे आणि जेवायच्या वेळी परत येणार आहे," मी म्हटलं. "कुठेही गेले तरी तू माझ्याबरोबर. हे सीक्रेट नाही. हे सगळ्यांना सांग." मग टॉवेलला हात पुसले आणि निघाले. मागे शरयूताई "अगं, अगं" करत होत्या. खाली बाकावरून सासऱ्यांनी विचारलं, "झालं का?" मी स्कूटी सुरू केली.

थाटीपूरच्या आमच्या घरून विद्यापीठ लांब नाही, पण त्या दिवशी प्रत्येक सिग्नल माझ्या सासरचा होता. स्कूटीची मूठ तुपाने सटकत होती. मी हेल्मेटच्या आत मोठ्याने बोलत होते. काय बोलले ते लिहीत नाही, माझे सासरे हे वाचतील.

विभागात पोचले तेव्हा परीक्षकबाई पर्सची चेन लावत होत्या. विभागप्रमुख गुरुप्रसाद सर खुर्चीतून अर्धे उठले होते. मला बघून परत बसले.

"आइए आइए," ते म्हणाले. "घर-गृहस्थी से फ़ुर्सत मिल गई?" आणि बाईंना, कौतुकाने, "हमारी मराठी बहूरानी हैं मॅडम. शौक़ से पढ़ती हैं."

शौक. मी बसले. हात टेबलाखाली ठेवले. बाईंनी घड्याळ बघितलं, चष्मा लावला. वयाने साठीच्या असाव्यात, चेहरा हसरा मुळीच नव्हता. त्यांनी भरभर विचारलं. लोथलची गोदी, गोदी नसण्याविषयीचं मत. चोळांच्या ग्रामसभा. मनसबदारीतल्या ‘जात’ आणि ‘सवार’ या दोन दर्जांतला फरक. व्हिएन्ना काँग्रेसने नेमकं काय परत आणलं. मी उत्तरं देत गेले. रागात माझी स्मरणशक्ती चांगली चालते, हे मला तेव्हा कळलं. मार्शल योजनेत मात्र मी साल चुकले आणि बाईंनी ते लगेच पकडलं.

मग गुरुप्रसाद सर म्हणाले, "मॅडम, एक सरल सा पूछ लीजिए. महिला हैं. गुप्तकाल में स्त्रियों की दशा."

आमच्या अभ्यासक्रमात हे प्रत्येक काळाच्या शेवटी असतं. राजे झाले, लढाया झाल्या, कर झाले, नाणी झाली, मंदिरं झाली, आणि अगदी शेवटी अर्धं पान, स्त्रियांची स्थिती. वैदिक काळात चांगली, नंतर खालावली. गाइडात तयार असतं. सरांना वाटलं, ते म्हणेन आणि सुटेन.

"किस स्त्री की, सर?" मी विचारलं.

"मतलब?"

"मतलब, रानी की, या रानी के घर पीसनेवाली की? दशा एक तो होगी नहीं."

सर हसले. बाई हसल्या नाहीत. "आगे बोलिए," त्या म्हणाल्या.

मी बोलले. हिंदीत बोलले, मधे मधे मराठीत घसरले असेन. आपल्याच प्रदेशातल्या एरणचा स्तंभलेख सांगितला, इसवी सन पाचशे दहाचा. त्यात राजा भानुगुप्ताचं नाव आहे. लढाईत पडलेल्या गोपराजाचं नाव आहे, त्याच्या आजोबांचंसुद्धा आहे. आणि त्याच्या चितेवर जी गेली तिला भक्त म्हटलंय, प्रिय म्हटलंय, सुंदर म्हटलंय. नाव नाही. "सर, जिसने पत्थर खुदवाया उसको विशेषण सब याद थे," मी म्हटलं. "नाम पूछना किसी को सूझा नहीं. उसको किसने क्या समझाया होगा, कौन उसके कान में बोला होगा, वो हम कभी नहीं जान सकते. लेकिन गाइड में लिखा है, दशा सम्मानजनक थी."

शेवटी माझा आवाज चढला होता. टेबलाखालचे हात वर आले होते आणि नखांत पिवळं पुरण दिसत होतं. बाईंनी ते बघितलं.

"आवाज़ नीचे रखिए, यह मौखिक परीक्षा है, मोर्चा नहीं," त्या म्हणाल्या. "और मार्शल प्लान ठीक से पढ़िए. पीएच.डी. में कोई माफ़ नहीं करेगा." त्यांनी काहीतरी लिहिलं, पेन बंद केलं आणि उठल्या. किती गुण दिले मला माहीत नाही. पण अनुपस्थित लिहिलं नाही, ते मी उलटं वाचलं.

बाहेर सोनिकाने मिठी मारली आणि लगेच सोडली. "दीदी, आपसे मिठाई की ख़ुशबू आ रही है."

परत येताना मला वाटत होतं, घरी सगळे जेवून झोपले असतील, माझ्यासाठी एक ताट आणि आठवडाभराचा अबोला झाकून ठेवला असेल. पण खाली बाकावर सासरे आणि केदार तसेच बसलेले होते. दुपार झाली होती. केदारचं तोंड भुकेने उतरलं होतं.

"वहिनी, प्लीज ऊपर जा," तो म्हणाला. "ती पुरे म्हणून नाही राहिली."

"कोण?"

"देवी!"

वर गेले तर तिघी परातीभोवती तशाच. सासूबाई पाठ भिंतीला टेकून, शरयूताई एक पाय लांब करून, विनिता परातीवर झुकलेली. परात काठोकाठ भरलेली, दूध पाटाखाली ओघळत होतं. घरातला मध संपला होता, साखरेचा डबा उपडा पडला होता. पाटावर अंतरा बसलेली, रडून गाल चिकट झालेले आणि हनुवटी माझ्या बापासारखी वर.

"आलीस," शरयूताई म्हणाल्या. "अगं, तू गेल्यापासून विनवून राहिलोय. म्हण गं बाई पुरे, म्हण. चॉकलेट देते म्हटलं, बाहुली देते म्हटलं. आई रागावली, तरी नाही."

"आजीनेच सांगितलं होतं, परीक्षा संपेपर्यंत नाही म्हणायचं," अंतरा म्हणाली. "मला कसं कळणार संपली का?"

विनिताला हसू फुटलं. तिने ते पदरात दाबायला हात काढला आणि दचकून परत परातीत घातला.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. दमल्या होत्या, खांदे आखडले होते, आणि त्यांच्या डोळ्यांत जे होतं त्याला मी नुसता हट्ट म्हणणार नाही. केदार परवा जाणार. मीही गेले तर हे घर आणि चौथं पान आणि त्या. हे मला दिसलं, कारण मला दिसतंच. पण त्याने माझा राग एका थेंबानेही कमी झाला नाही.

"सांग तिला," त्या म्हणाल्या. "तुझं ऐकेल."

"नाही," मी म्हटलं. "मी काही सांगणार नाही. तिला आता कुणीच काही शिकवायचं नाही. तुम्ही घातलंत ते तुम्ही काढा. तिला सांगा की आई टाकून जाणार हे खोटं होतं. माझ्यासमोर सांगा."

"सुनेने सासूला असं बोलायचं?"

"आज बोलायचं."

खालून केदारने "झालं का?" म्हणून हाक मारली. सासूबाईंनी मूर्तीकडे बघितलं, परातीतल्या त्या चिखलाकडे बघितलं. मग अंतराकडे.

"आई तुला टाकून नाही जाणार," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की त्यांचा वाटेना. "मी उगीच म्हटलं होतं. खोटं होतं ते."

"मग का म्हटलंस?"

सासूबाईंनी डोळे मिटले. "पुरे गं बाई," त्या म्हणाल्या, "पुरे, पुरे," आणि परातीतून दोन्ही हात काढून घेतले.

"आजी!" अंतरा ओरडली. "तू नाही म्हणायचं! मी कुमारिका आहे!"

शरयूताई हसल्या, विनिता तर आडवीच झाली. मी हसले नाही. मी पोरीला पाटावरून उचललं, मोरीत नेलं आणि तिचे हात कोमट पाण्याने धुवायला लागले. आधी बोटं, मग बोटांच्या फटी. तिने विचारलं, "संपली परीक्षा?" मी म्हटलं, संपली. ती थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग मान वळवून, बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तिने जे म्हणायचं ते म्हटलं, आणि मला म्हणाली, "आता मला पोळी दे. तूप नको."